वांग्याची साल

"बाई, दुखतंय का?"

हा प्रश्न विचारण्याचा मला पगार मिळत असे. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी याशिवाय फारसं काही केलं नाही. त्याआधी सरकारी दवाखान्यात सुया टोचल्या, बाळंतपणं केली, डॉक्टरांची अक्षरं लावली आणि रीतसर हार घेऊन निवृत्त झाले. घरी बसले तर सुनेचा जीव मेटाकुटीला येईल हे तिलाही कळत होतं आणि मलाही. तेवढ्यात कळलं की गोंदियातल्या एका खासगी दवाखान्यात नवी मशीन आली आहे आणि त्या मशीनला एक बोलकी बाई हवी आहे.

डॉक्टरांनी मुलाखतीत एकच विचारलं, "सिस्टर, आप औरतों से बात कर लेंगी ना?"

मी म्हटलं, "साहेब, बोलणं सुरू करायला मला अडचण नाही. बंद करायला आहे." ते हसले आणि मी कामाला लागले.

मशीन कसली, ते आधी सांगते, कारण नातेवाइकांना अजूनही वाटतं की मी एक्स-रे काढत होते. बाईच्या गर्भाशयात कधीकधी मांसाची गाठ होते. कॅन्सर नव्हे, साधीच गाठ. पण ती वाढली की पाळीत रक्त थांबता थांबत नाही, बाई पांढरीफटक पडते, जिना चढताना धापा टाकते. गर्भाशयाला आमच्याकडे 'थैली' म्हणतात. थैलीत गाठ झाली की थैलीच काढून टाकायची, हा आमच्या भागातला सरळ न्याय. पोरं झाली, आता थैली कोणत्या कामाची, असं नवरा म्हणतो, सासू म्हणते, शेजारीण म्हणते. जिची थैली तिचं मत शेवटी घेतात, तेही सही करण्यापुरतं.

आमच्या मशीनने थैली जागच्या जागी राहायची आणि नुसती गाठ मरायची. सोनोग्राफीत ज्या लहरी असतात त्याच जातीच्या लहरी, पण सोनोग्राफीत त्या पसरून जातात आणि इथे सगळ्या एका बिंदूवर गोळा करतात. तो बिंदू गाठीत धरायचा. तिथे इतकी उष्णता होते की गाठीचं मांस मरतं, आणि मग शरीर ते हळूहळू जिरवून टाकतं. चिरा नाही, टाके नाहीत. बाई टेबलावर पालथी झोपते, पोट खालच्या पाण्याच्या टाकीवर टेकवते. डॉक्टर पडद्यासमोर बसून बिंदू सरकवत राहतात. दोन-तीन तासांचं काम. दुसऱ्या दिवशी घरी. प्रत्येक बाईला हे चालत नाही. गाठ कुठे आहे, केवढी आहे, ते बघून निम्म्या जणींना डॉक्टर स्वतःच परत पाठवत, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

आता यात माझं काय काम? तर बाईला पूर्ण बेशुद्ध करत नाहीत. गुंगीचं औषध देतात, पण बोलती ठेवतात. कारण मशीनला पोटातलं सगळं दिसतं, बाईला काय होतंय तेवढं दिसत नाही. उष्णता वाटेत कुठे अडली तर कातडी भाजू शकते. मागे मणक्याजवळून पायाची शीर जाते, तिला झळ लागली तर पाय बधिर होतो, महिनोन् महिने ओढत चालावं लागतं. आतडं मध्ये आलं तर प्रकरण फारच वाईट. या सगळ्याची पहिली खबर बाईच्या तोंडून येते. म्हणून तिच्या उशाशी मी बसायची, तिचा हात हातात धरून दर थोड्या वेळाने विचारायची, पोटाला दुखतंय का, पाठीत दुखतंय का, पायात दुखतंय का. ती 'हो' म्हणाली की मी हात वर करायची आणि डॉक्टर थांबायचे.

थोडक्यात, ही मशीन ज्यांनी बनवली ते एक गोष्ट धरून चालले होते की माणसाला दुखलं की माणूस बोलतो. त्यांनी आमच्याकडच्या बाया पाहिल्या नव्हत्या.

डॉक्टरांच्या माहितीपत्रकात 'गुंतागुंत' नावाचा एक परिच्छेद होता, सगळ्यांत खाली, सगळ्यांत बारीक अक्षरांत. 'अत्यंत क्वचित' हे शब्द त्यात इतक्या वेळा होते की वाचणाऱ्याला शंका यावी. खरं म्हणजे ते खोटं नव्हतं. बहुतेक बाया दुसऱ्या दिवशी चालत घरी जात. पण क्वचित म्हणजे कधीच नाही, असा अर्थ घ्यायची सवय आम्हा सगळ्यांना लागली होती, मला धरून.

गुंतागुंत कुठून येते ते मला पहिल्यांदा तिरोड्याच्या एका बाईने शिकवलं. नवरा तिकडच्या वीज प्रकल्पात ठेकेदाराकडे कामाला. फॉर्म भरताना मी विचारलं, "ऑपरेशन झालं का?"

ती पदर तोंडाला लावून लाजली. "माहा नाही झाला बाई. याईचा झाला."

मी 'नाही'वर खूण केली. आमच्याकडे 'ऑपरेशन' या शब्दाचा अर्थ एकच, मुलं बंद करण्याचं. तिच्याऐवजी नवऱ्याने करून घेतलं होतं, म्हणून मी मनातल्या मनात त्या गृहस्थाचं कौतुकही केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोट स्वच्छ करताना बघते तर ओटीपोटाच्या घडीत आडवी, वीतभर लांब, पांढरी रेघ.

"हे काय गं?"

"हे? हे तं शिझर होय. धाकटा याच्यातून निंगला."

"अगं, मग काल ऑपरेशन नाही म्हणालीस ते?"

तिने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "शिझरले ऑपरेशन म्हनते का बाई? ऑपरेशन मंजे थेच."

हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. जुन्या टाक्यांची जागा उष्णता धरून ठेवते, लहरी तिथून सोडल्या तर वरची कातडी भाजते. डॉक्टरांनी त्या दिवशी काम थांबवलं, पुढच्या वेळी लहरींची वाट बदलून केलं, आणि सगळ्या स्टाफसमोर मला शाबासकी दिली. मी फॉर्म बदलून घेतला. 'ऑपरेशन, शिझर, टाके, चिरा, यांपैकी काहीही' असं त्यात माझ्या हट्टाने छापलं. माझ्या छातीची रुंदी त्या महिन्यात जरा वाढली होती.

दुसरी आठवण चोरखमारा गावाकडची. उपचार होऊन गेलेल्या एका बाईच्या नवऱ्याचा फोन आला. "सिस्टर, गाठ पडली."

"कुठे पडली?"

"खाली पडली ना. आता का करू?"

मेलेल्या गाठीचा तुकडा कधीकधी शरीर जिरवत नाही, बाहेर टाकतं. तेही 'अत्यंत क्वचित'मध्येच मोडतं. ताप किंवा फार रक्त नसेल तर भ्यायचं कारण नसतं, पण तपासायला यावं लागतं. मी त्याला म्हटलं, ताबडतोब घेऊन या. म्हणजे बायकोला. तो आला एकटाच, स्टीलचा जेवणाचा डबा घेऊन. बायको घरी धान वाळवत होती. डबा त्याने नोंदणीच्या टेबलावर ठेवला आणि झाकण उघडायला लागला, तेव्हा आमची नोंदणीवाली पोरगी जी पळाली ती चहाच्या टपरीवरच थांबली. डॉक्टर मात्र डब्यात बघून हरखून गेले, आपलीच गाठ म्हणून त्यांनी ती ओळखली. मी त्या माणसाला परत पाठवलं आणि संध्याकाळच्या आत बायकोला आणवलं. तिचं सगळं ठीक निघालं. डबा तिने आठवणीने परत मागून नेला.

अशा गोष्टी सांगायला मला आवडतं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. त्यांत मी शहाणी असते आणि शेवट गोड असतो. आता जी सांगायची आहे तिच्यात तसं नाही. म्हणूनच इतका वेळ इकडचं तिकडचं सांगत बसले.

माहितीपत्रकात डॉक्टरांनी एक चांगला दाखला दिला होता. भिंगातून ऊन कागदावर पाडलं की कागद जळतो आणि भिंग थंडच राहतं, तशा या लहरी. दाखला अगदी बरोबर होता, फक्त कुणाला समजत नव्हता. भिंग कुणाच्या घरी असतं? मी ते वाचून दाखवायचे आणि बाया माना हलवायच्या, आणि टेबलावर चढायची वेळ आली की थरथर कापायच्या. मला वाटलं, हे मी बघते. आमच्या विहारात दर पौर्णिमेला बायकांना आरोग्यावर चार शब्द सांगायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे सोपं करून सांगण्यात आपला हातखंडा आहे असा माझा समज होता. लोकांनीच तो करून दिला होता.

मी वांगं काढलं. म्हणजे बोलण्यात. "वांग्याचं भरीत करता ना? वांग्याला सुरी लावता का? नाही. चुलीवर ठेवता. आतला गर आपोआप शिजतो. तशी ही मशीन. चिरायचं नाही, कापायचं नाही, गाठ आतल्या आत भाजायची. जरा गरम लागेल, त्याला भ्यायचं नाही."

बाया खदखदून हसायच्या. भीती पार पळायची. एकदा डॉक्टरांनी दारातून ऐकलं आणि तेही खूश झाले. त्यानंतर दवाखान्यात 'सिस्टर का बैंगन' हा शब्दच झाला. घाबरट बाई आली की डॉक्टर म्हणत, "सिस्टर, इनको बैंगन सुना दो." दोनेक वर्षं मी वांगं सांगत होते. जन्मभर भरीत खाल्लेल्या मला एकदाही सुचलं नाही की मी काय बोलतेय.

फुलवंता सालेकशाच्या पलीकडच्या जंगलपट्टीतली. तिचं नाव वेगळं आहे, इथे फुलवंता म्हणते. चाळिशीच्या अलीकडची, काटक, कमी बोलणारी. रक्त इतकं जायचं की अंगात काही राहिलं नव्हतं, आमच्याकडे आणण्याआधी तिला दोनदा रक्त चढवावं लागलं होतं. थैली काढायला ती तयार नव्हती. मी कारण विचारलं तर म्हणाली, "डाक्टर म्हनते, तीन महिने वजन उचलाचा नाही. मंग पत्ता कोन तोडन?"

पत्ता म्हणजे तेंदूपत्ता, विडीचं पान. उन्हाळ्यात मोजके दिवस त्याचा हंगाम असतो. पहाटे जंगलात जायचं, पानं तोडायची, भारा डोक्यावर आणायचा, मग दुपारभर उकिडवं बसून पुडे बांधायचे. मोहफुलं वेचून संपली होती आणि पत्ता सुरू व्हायचा होता, त्या मधल्या फटीत तिने स्वतःच्या गाठीचा उपचार बसवला होता. तिची सासू याच्या विरुद्ध होती. गावातल्या सगळ्या बायांच्या थैल्या सरकारी दवाखान्यात निघतात, हिलाच कायले मशीन पाहिजे, असं तिचं म्हणणं. फुलवंताने आयुष्यात पहिल्यांदा घरात हट्ट केला होता, तो हा. नवरा मधल्या मध्ये होता, पण तिला घेऊन आला.

मी तिला वांगं सांगितलं. ती हसली नाही, लक्ष देऊन ऐकत होती. मला वाटलं, समजूतदार बाई आहे.

टेबलावर ती पालथी झोपली. मी उशाशी. काम सुरू झालं.

"पोटाला दुखतंय का?"

"नाही."

"पाठीत?"

"नाही."

"पायात?"

"नाही."

असं बराच वेळ चाललं. मध्येच तिने माझा हात असा आवळला की अंगठी बोटात रुतली. मी वाकून विचारलं, "फुलवंता, खरं सांग, दुखून राहिलं का?" मुद्दाम तिच्या भाषेत विचारलं.

"नाही बाई. चालू द्या."

तिच्या कपाळावर घाम होता. खोलीत एसी होता. पायाची बोटं चादरीत रुतली होती, ती मी पाहिली. मी आणखी एकदा विचारलं आणि ती पुन्हा म्हणाली, "नाही दुखत. चालू द्या." ज्याला काही होत नाही तो माणूस 'चालू द्या' म्हणत नाही. इतकी वर्षं बाळंतिणींच्या खाटेशी काढलेल्या बाईला हे कळायला हवं होतं. पण मी तिच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हटलं, "शाब्बास, बहादूर आहेस." आज ते 'शाब्बास' आठवलं की मला माझीच चीड येते.

काम संपल्यावर पोटावर लाल चट्टा दिसला. तो बऱ्याच जणींना येतो, थंड पाण्याच्या पिशवीने उतरतो. तिचा थोडा उतरला. मलम देऊन दुसऱ्या दिवशी घरी पाठवली. चौथ्या दिवशी नवरा तिला परत घेऊन आला. बेंबीच्या खाली तळहाताएवढी जागा काळी पडली होती, कडेने फोड, आणि दाबलं तर खाली लाकडासारखं कडक. वरची कातडी आणि तिच्या खालची चरबी, दोन्ही भाजली होती.

डॉक्टर गंभीर झाले. काही आठवडे ड्रेसिंग लागेल, कदाचित मेलेली कातडी काढावी लागेल म्हणाले, आणि बाहेर नवऱ्याशी बोलायला गेले. मी जखम साफ करत होते. मला राहवलं नाही.

"अगं फुलवंता, मी तुला दहा वेळा विचारलं. का नाही सांगितलंस?"

ती छताकडे बघत म्हणाली, "तुमी दुखते का मनून इचारला. दुखून तं नव्हता राहिला. भाजून राहिला होता."

"मग तेच सांगायचं ना!"

"तुमीच तं म्हनलं, वांग्यावानी भाजाचा हाये." तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिला खरंच नवल वाटत होतं की मी असं का विचारतेय. "वांग्याची साल तं करपतेच ना बाई. साल करपल्याबिगर आतला शिजते का? मी म्हनलं, बराबर होऊन राहिला. मधातच थांबवला तं गाठ कच्ची राहीन."

डॉक्टरांच्या भिंगात भिंग थंड राहत होतं. माझ्या वांग्यात पहिल्यांदा जळते ती साल. दोन वर्षं मी येणाऱ्या प्रत्येक बाईला हसत हसत सांगत होते की तुझी कातडी जळणार आहे आणि ते चांगलं लक्षण आहे. बाकीच्या बायांचं नशीब, की त्यांना जळलं नाही किंवा त्यांनी माझं ऐकलं नाही. फुलवंताने शब्द न् शब्द ऐकला होता.

दुपारी डॉक्टरांनी फाइलमध्ये इंग्रजीत नोंद केली आणि मराठी प्रत मला लिहायला दिली. 'उपचारादरम्यान रुग्णाने कोणतीही तक्रार केली नाही.' शेजारी गुंतागुंतीचा प्रकार लिहायची जागा होती. तिथे 'किरकोळ, त्वचा' असं लिहायचं होतं. शास्त्राप्रमाणे ते बरोबर होतं, पायाची शीर नाही, आतडं नाही, जीव धोक्यात नाही. पहिलं वाक्यही खरं होतं. मी दोन्ही सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली.

तेच वाक्य डॉक्टरांनी नवऱ्याला सौम्य शब्दांत सांगितलं होतं. "देखो भाई, सिस्टर बराबर पूछ रही थी। इसने बताया ही नहीं।" मी ट्रे हातात घेऊन तिथून गेले तेव्हा तो बायकोला म्हणत होता, "तुले तोंड नव्हता का?" मी थांबू शकले असते. ट्रे काही जड नव्हता. मी थांबले नाही. चूक कबूल करायला धीर लागतो आणि तो दुसऱ्याला शिकवण्यात माझा सगळा खर्च झाला होता, असं म्हणून मी विनोद करू शकते, पण खरं सांगायचं तर मला नोकरीची आणि नावाची भीती वाटली.

पत्त्याचा हंगाम सुरू झाला आणि संपला. फुलवंताला उकिडवं बसता येईना, लुगड्याची गाठ नेमकी जखमेवर येई. तिच्या गावची आशाताई दिवसाआड ड्रेसिंग करायची, तिला मी फोन करायचे. मलम पाठवायचे, जाळीची पट्टी पाठवायचे, फोटो मागवून बघायचे. अपराधी माणूस फार कामसू होतो. एकदा आशाताई सहज बोलून गेली, "जखम भरून राहिली मॅडम, पन घरी लय बोलते तिले. सासू पुऱ्या टोलीत सांगत फिरते, डाक्टर इचारून राहिला होता अना हे मूग गिरून बसली होती. मशीनचा नखरा केलन अना हंगाम बुडवलन."

"ती काय म्हणते?"

"का म्हनन? ऐकून घेते."

म्हणजे माझं वाक्य सालेकशाच्या जंगलातल्या वस्तीपर्यंत पोचलं होतं. किरकोळ गुंतागुंतीला तिकडे तेवढं एकच नाव उरलं होतं, फुलवंता.

तीन महिन्यांनी तपासणीला ती आली तेव्हा धानाची रोवणी चालू होती. बोटांच्या नखांत चिखल होता. नवराही बरोबर होता, तो सातवी शिकलेला आणि स्वभावाने वाईट नव्हे. सोनोग्राफीत गाठ निम्म्याहून लहान झालेली दिसली. पाळी वेळेवर येत होती, रक्त बेताचं जात होतं, ओठांना रंग आला होता. पोटावरची जागा भरून आली होती, फक्त तिथली कातडी सुरकुतलेली आणि गडद राहिली होती. डॉक्टरांना मनापासून आनंद झाला. नागपूरला डॉक्टरांची सभा होती, तिथे ते ही केस सांगणार होते. "सिस्टर, फॉर्म पे इनका साइन ले लो," म्हणून ते आत गेले.

मी फाइल उघडून तिच्यासमोर ठेवली आणि शाईचा पॅड काढला. फुलवंताने अंगठा पुढे केला नाही.

"बाई, याच्यात का लिवला हाये, ते वाचून दाखवा."

इतक्या वर्षांत अंगठा लावताना हे म्हणणारी ती पहिली बाई. मी वाचलं. गाठीचं माप, तारखा, औषधं. मग ते वाक्य आलं. मी जरा घाईने वाचलं, पण तिने ऐकलं.

"पुन्हा वाचा."

"उपचारादरम्यान रुग्णाने कोणतीही तक्रार केली नाही."

नवरा जमिनीकडे बघत म्हणाला, "मी तं थेच म्हनतो."

फुलवंता त्याच्याशी बोलली नाही, माझ्याशीच बोलली. आवाज चढवला नाही. "हे खरा हाये. मी नाही सांगतला. पन तुमी मले पयले जे सांगतला होता, थो काऊन नाही लिवला?"

माझ्याकडे उत्तरं पुष्कळ होती. फॉर्ममध्ये तशी जागा नसते, हे एक. डॉक्टरांना विचारावं लागेल, हे दुसरं. त्यातलं एकही मी दिलं नाही. लाज वाटली.

मी पेन घेतलं आणि त्या वाक्याच्या खाली, माझ्या सहीच्याही खाली, लिहिलं, 'उपचारापूर्वी मी स्वतः रुग्णाला सांगितले होते की वांगे चुलीवर भाजतात तशी गाठ भाजली जाईल, गरम लागेल, त्याला भिऊ नये. त्यामुळे कातडी भाजत असताना ते उपचाराचाच भाग आहे असे रुग्णाला वाटले. मी दुखते का असे विचारले, भाजते का असे विचारले नाही. रुग्णाने मी सांगितले तसेच केले. चूक माझी आहे.' पूर्ण नाव लिहिलं, सही केली, तारीख टाकली. मग ते सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, नवऱ्याकडे बघून.

मग त्याने बायकोकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "असा होता का?" ती म्हणाली, "मंग." बस, तेवढंच. त्याने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

फुलवंताने अंगठा लावला. मग म्हणाली, "याचा झेराक्स द्या."

मी झेरॉक्सच्या मशीनमधून प्रत काढून घेत होते तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. त्यांनी माझ्या खांद्यावरून वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "सिस्टर, ये क्या लिख दिया आपने? बैंगन? मेडिकल रेकॉर्ड में?" आवाज खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू येईल असं, ते म्हणाले, "और कॉपी भी दे रही हो? कल को ये कागज कोर्ट में गया तो?"

मी काही बोलायच्या आत फुलवंताने माझ्या हातातून तो गरम कागद घेतला आणि त्याची नीट चार पदरी घडी घातली.

"कोर्टात कायले जातो, डाक्टरसाहेब?" ती म्हणाली. "मले सासूले दाखवाचा हाये."